नववी-दहावीच्या इंग्रजीचे नियोजन : आधी स्वाध्याय ठरवा, मग पाठ

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कुलात या वर्षी शिक्षण सेवक म्हणून रुजू झालेल्या एका मॅडमनी विचारले आहे की, नववीच्या दोन आणि दहावीच्या एका तुकडीला इंग्रजी शिकवताना रोज रात्री बसून पाठाचे टाचण काढूनही वर्गात ते अर्ध्यावरच मोडते, गृहपाठ दिला तर निम्म्या वह्या येतच नाहीत, आलेल्या वह्यांत सगळ्यांचे उत्तर गाईडमधले एकच असते, त्या तपासता तपासता रात्रीचे अकरा वाजतात, आणि एवढे करूनही घटक चाचणीत पन्नासांपैकी वीस मुलांना स्वतःचे एक वाक्य लिहिता येत नाही. तर दिवाळीनंतरच्या सत्रासाठी पाठांचे आणि स्वाध्यायांचे नियोजन नेमके करायचे कसे? वर्धा नदीच्या दोन्ही काठांवरच्या तीन शाळांत मिळून मी चोवीस वर्षे हेच दोन वर्ग शिकवले आहेत, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितो.

मॅडम, तुमचा प्रश्न वरवर टाचणाचा दिसतो, पण माझ्या मते खरी अडचण स्वाध्यायात आहे. आपण डी.एड., बी.एड.ला शिकलो ते टाचण आठवून पाहा. प्रस्तावना, आदर्श वाचन, कठीण शब्दांचे अर्थ, स्पष्टीकरण, प्रश्नोत्तरे आणि सर्वांत खाली गृहपाठ. वरच्या पाचही रकान्यांत शिक्षकाने काय करायचे ते असते. मुलाने स्वतः काय करायचे ते फक्त शेवटच्या रकान्यात येते, आणि तेही बहुधा घंटा झाल्यावर, मुले दप्तरे भरत असताना सांगितले जाते. म्हणजे भाषा शिकण्यातले सगळ्यांत अवघड काम, स्वतःचे वाक्य जुळवणे, आपण मुलाच्या घरी पाठवतो, जिथे विचारायला कोणी नाही, बऱ्याचदा बसायला जागा नाही आणि हाताशी फक्त गाईड आहे. मग ते मूल गाईड उघडते यात त्याचा काय दोष? मी स्वतः अनेक वर्षे असेच शिकवले. पुढे हा क्रम उलटा केला, आधी आठवड्याचा स्वाध्याय ठरवू लागलो आणि त्या स्वाध्यायाची तयारी म्हणून पाठ शिकवू लागलो, तेव्हापासून टाचण मोडायचे बरेच कमी झाले.

यातल्या काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमच्या शाळेला वसतिगृह जोडलेले असेल किंवा ती आश्रमशाळा असेल, तर संध्याकाळचा अभ्यासिकेचा तास हाताशी असतो आणि लेखी गृहपाठ खरोखर होऊ शकतो. मुले तीन-चार गावांतून सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या बसने येत असतील तर तो हिशेब वेगळा करावा लागतो. वर्गातल्या मुलांची घरची भाषा वऱ्हाडी आहे, गोरमाटी आहे, कोलामी आहे की गोंडी, यावर सुरुवातीचे दोन महिने कसे जातील ते ठरते. आठवड्याला इंग्रजीच्या किती तासिका मिळतात, मुख्याध्यापक टाचण कोणत्या नमुन्यात मागतात, हेही तुमच्या हातात नाही. तेव्हा माझे तपशील जसेच्या तसे उचलू नका, त्यांच्यामागचा विचार घ्या.

तो विचार मला सुचला एका पत्रामुळे. माझ्या सहाव्या की सातव्या वर्षी मी दहावीला औपचारिक पत्राचा गृहपाठ दिला, विषय परिसरातील अस्वच्छतेबद्दल तक्रार. एकेचाळीस वह्या आल्या. एकेचाळीसही पत्रे महानगरपालिकेच्या आयुक्तांना होती आणि पाठवणाऱ्याचा पत्ता पुण्यातल्या एका कॉलनीचा होता. आमच्या गावाला ग्रामपंचायत. महानगरपालिका बघायची तर अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते. मुलांनी गाईडमधले पत्र पत्त्यासकट उतरवले होते, आणि मी तेच पत्र एकेचाळीस वेळा वाचून एकेचाळीस वेळा सही केली होती. त्या रात्री माझ्या लक्षात आले की, या पत्रात मुलाला स्वतः ठरवण्यासारखे काहीच नव्हते. पुढच्या आठवड्यात मी विषय बदलला. संध्याकाळची बस रोज उशिरा येते आणि मुलींना अंधारात फाट्यावर थांबावे लागते, त्याबद्दल आगार व्यवस्थापकांना पत्र लिहायचे. बस कोणत्या वेळेची, किती उशिरा येते, किती मुली थांबतात, हे मुलांनी मला मराठीतून सांगितले, मी फळ्यावर मांडले, आणि पत्र वर्गातच लिहून घेतले. चुका पुष्कळ झाल्या. मागच्या पत्रांत एकही चूक नव्हती. पण या वेळी प्रत्येक चूक त्या मुलाची स्वतःची होती आणि म्हणून ती मला दुरुस्त करता आली.

तेव्हापासून स्वाध्याय ठरवताना मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. याचे उत्तर गाईडमध्ये सापडेल का? सापडत असेल तर तो स्वाध्याय मी देत नाही. हे लिहिण्यासाठी मुलाला कोणते शब्द आणि कोणती वाक्यरचना लागेल? ती यादी म्हणजेच माझे त्या आठवड्याचे टाचण. आणि तिसरा, यातले घरी काय करता येईल आणि वर्गात काय करावे लागेल? लिहिणे शक्यतो वर्गात. विचारून येणे, बघून येणे, मोजून येणे, मोठ्याने वाचणे घरी.

एक आठवडा उलगडून दाखवतो. समजा, नववीला एखाद्या थोर व्यक्तीच्या बालपणावरचा गद्य पाठ आहे. मी पुस्तक उघडण्याआधी शुक्रवारचा स्वाध्याय ठरवतो : आपल्या घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या लहानपणाविषयी भूतकाळातली सहा वाक्ये. त्यासाठी मुलाला आठ-दहा क्रियापदांची भूतकाळी रूपे हवीत आणि ‘व्हेन ही वॉज टेन’ अशी एक सुरुवात हवी. सोमवारी मी पाठाचा पहिला अर्धा भाग वाचतो, आणि मुलांचे काम एवढेच की वाचन ऐकताना भूतकाळी क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारायची. मंगळवारी उरलेला भाग, आणि रेघ मारलेल्या क्रियापदांपैकी दहा फळ्यावर; बाकावरच्या जोडीने एकाने वर्तमानकाळ म्हणायचा, दुसऱ्याने भूतकाळ. बुधवारी पाठावरचे प्रश्न, आणि शेवटच्या दहा मिनिटांत आजी-आजोबांना विचारायचे तीन प्रश्न आम्ही मिळून मराठीत ठरवतो. बुधवारचा गृहपाठ म्हणजे हे तीन प्रश्न घरी विचारून येणे. त्याला वही लागत नाही, वीज गेली तरी अडत नाही, आणि दोन मुलांची उत्तरे कधी सारखी निघत नाहीत. गुरुवारी शेजाऱ्याला ती उत्तरे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायची, मी बाकांमधून फिरत अडलेले शब्द पुरवतो. शुक्रवारी पंधरा मिनिटे शांतपणे लेखन. शनिवारी सकाळच्या शाळेत दुरुस्ती.

यातून काय येते ते एका वहीवरून सांगतो. एका मुलाने लिहिले होते, ‘माय ग्रँडफादर वॉज वेंट टू स्कूल टू इयर. देन ही लुक बफेलो.’ आजोबा दोन वर्षे शाळेत गेले, मग म्हशी राखू लागले, एवढे त्याला सांगायचे होते. या दोन वाक्यांत चार-पाच चुका आहेत. मी फक्त ‘वॉज वेंट’खाली रेघ मारली, कारण त्या आठवड्याचा विषय भूतकाळ होता, आणि ‘लुक’च्या वर ‘ग्रेझ्ड’ हा शब्द लिहून दिला, कारण त्या शब्दाची त्याला त्या क्षणी गरज होती. पुढच्या महिन्यात आजीच्या शेळ्यांबद्दल लिहिताना त्याने तो शब्द मला न विचारता वापरला. शब्दार्थांच्या यादीतून पाठ करून घेतलेला शब्द असा परत आलेला मी फार क्वचित पाहिला आहे.

शब्दांची गोष्ट निघालीच आहे तर आणखी थोडे. एका पाठात अनोळखी शब्द तीस-चाळीस निघतात, आणि नवा शिक्षक प्रामाणिकपणे सगळ्यांचे अर्थ फळ्यावर लिहितो. त्यातच तासिका संपते. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक १९२०च्या दशकात ढाक्याला होते. बंगाली मुलांच्या वाचनपुस्तकांत नव्या शब्दांची गर्दी फार आहे, म्हणून मुले वाचताना अडखळतात, हे त्यांनी दाखवून दिले आणि नवे शब्द विरळ करून पुस्तके लिहिली. पुढे १९५३ मध्ये त्यांनी इंग्रजीतल्या सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे २००० मूळ शब्दांची यादी प्रसिद्ध केली. आपल्याला पुस्तक बदलता येत नाही, पण कोणते शब्द शिकवायचे ते निवडता येते. मी एका पाठातून आठ ते दहा शब्द निवडतो, जे मुलाला स्वतःच्या लेखनात लागतील तेच. उरलेल्यांचा अर्थ वाचताना एका शब्दात मराठीत सांगून पुढे जातो, फळ्यावर लिहीत नाही आणि परत विचारत नाही.

मराठी वापरावी की नाही, याबद्दल तुमच्या मनात अपराधीपणा दिसतो, कारण प्रशिक्षणात पूर्ण तास इंग्रजीतून घ्या असे सांगितले जाते. माझा अनुभव असा आहे की मुलाची चूक कुठून आली ते मराठीतूनच कळते, म्हणून ती मराठीतूनच समजावून द्यावी. ‘आय वॉज वेंट’ ही चूक घ्या. पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकलेले मूल नववीतही ती करते, कारण त्याच्या मनात ‘गेलो होतो’ आहे. ‘गेलो’ म्हणजे ‘वेंट’, ‘होतो’ म्हणजे ‘वॉज’, म्हणून दोन्ही लिहिले. ही हलगर्जी नाही, हे शब्दाला शब्द लावलेले प्रामाणिक भाषांतर आहे. आपल्या भागात यावर एक सोपा उपाय घरातच आहे. मूल घरी ‘गेलो होतो’ म्हणतच नाही, ‘गेलतो’ म्हणते. मी फळ्यावर वर ‘मी वावरात गेलतो’ आणि खाली ‘आय वेंट टू द फील्ड’ असे लिहितो आणि विचारतो, ‘गेलतो’ हे किती शब्द? एक. मग खाली किती पाहिजेत? पुस्तकातल्या नियमाने जे वर्षानुवर्षे सुटले नव्हते, ते बऱ्याच मुलांचे या एका जोडीने सुटले. शिवाय आपल्या बोलीला फळ्यावर जागा मिळाली, हे पाहून मागच्या बाकावरची मुले मान वर करून बसली, ते वेगळेच.

‘माय फादर आर फार्मर’ या चुकीचे मूळही असेच आहे. ‘बाबा शेतकरी आहेत’ हे आदरार्थी अनेकवचन. ‘आहेत’ला ‘आर’ हे त्याने बरोबरच लावले. तिथे ‘इज’ लिहिलेस तर बाबांचा अपमान होत नाही, इंग्रजी एकालाही आणि अनेकांनाही ‘यू’च म्हणते, हे सांगितले की मुलांना पटते. ‘टू मी टू ब्रदर आर’ हे ‘मला दोन भाऊ आहेत’चे रूप, आणि ‘टेबल ऑन’ हे ‘टेबलावर’चे, आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून चिकटते, त्यांचे पुढे येते. तुम्ही पहिल्या महिन्यातल्या वह्यांतून अशा चुकांची एक यादी करा. माझ्या वर्गांत दरवर्षी साधारण बारा-पंधरा चुकाच फिरून फिरून येतात. त्यांतली एक चूक म्हणजे एका आठवड्याचे व्याकरण. वर्षाच्या व्याकरणाचे नियोजन मी पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून करत नाही, या यादीवरून करतो, आणि अनुक्रमणिकेतले जे राहील ते जोडून घेतो.

वीस मुलांना वाक्यही लिहिता येत नाही असे तुम्ही म्हणता. त्यांचा शोध चाचणीत नको, सत्राच्या पहिल्या आठवड्यातच घ्या. मी तीन छोट्या गोष्टी करतो : दहा सोप्या शब्दांचे श्रुतलेखन, पाचवीच्या पुस्तकातल्या पाच ओळींचे वाचन आणि घराविषयी कितीही चुकली तरी चालतील अशी पाच वाक्ये. वाचन वर्गासमोर घेऊ नका. एकेकाला व्हरांड्यात बोलावून घ्या, बाकीचे तेव्हा वाक्ये लिहीत असतात. दहावीच्या एका मुलीने मला त्या पाच ओळी खाडखाड म्हणून दाखवल्या होत्या. मी बोट मधल्याच एका शब्दावर ठेवले तेव्हा तिला तो वाचता आला नाही, पूर्ण परिच्छेद तिचा तोंडपाठ होता. चाळीस जणांसमोर हे उघडे पडले असते तर ती वर्षभर माझ्या तासाला बोलली नसती. या चाचणीवरून मी मुलांचे तीन गट करतो, पण गटांना नावे देत नाही, वेगळे बसवत नाही. माझ्या वहीत नावापुढे पेन्सिलीची खूण असते, एवढेच. उतारा सगळ्यांना एकच, काम तीन प्रकारचे. पहिला गट उताऱ्यातली विचारलेली वाक्ये शोधून अचूक उतरवतो आणि मोठ्याने वाचतो. दुसरा प्रश्नांची उत्तरे लिहितो. तिसरा तोच मजकूर दुसऱ्याच्या तोंडून किंवा दुसऱ्या काळात लिहितो. फळ्यावर तिन्ही कामे लिहिलेली असतात आणि प्रत्येकाला वरच्या कामाला हात घालायची मोकळीक असते. अक्षरओळखीतच अडलेल्या पाच-सात मुलांना मात्र याने पुरत नाही. त्यांच्यासाठी परिपाठाआधीची वीस मिनिटे रोज द्यावीच लागतात, दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

आता वार्षिक नियोजन. ते आपण जूनमध्ये शासकीय सुट्ट्यांची यादी समोर ठेवून करतो, पण आपल्या वर्गाची हजेरी शेतीच्या पंचांगावर चालते. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापसाचा पहिला वेचा. सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची वावरातली पूजा, झाली की वर्गातली निम्मी बाके रिकामी, हे ठरलेले. भंडारा-गोंदियाकडे हेच जुलै-ऑगस्टात धानाच्या रोवणीला आणि पुढे कापणीला होते. गडचिरोलीत मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला मुले पहाटे जंगलात जातात आणि नववीची वार्षिक परीक्षा त्याच दिवसांत येते. आई-वडिलांना याबद्दल बोलून उपयोग नाही. वेचणीला माणूस मिळत नाही आणि कापूस भिजला तर वर्षाचे गणित जाते. एका वर्षी मी वेचणीच्या ऐन दोन आठवड्यांत दहावीचा कर्मणी प्रयोग शिकवला. शेहेचाळीसपैकी रोज वीस-बावीस मुले असत, आणि तीही रोज तीच नसत. जानेवारीच्या सराव परीक्षेत त्या प्रश्नाची जी अवस्था झाली ती पाहून मला तो सगळा भाग पुन्हा शिकवावा लागला.

आता मी जड भाग सप्टेंबरच्या मध्यापर्यंत संपवतो, आणि वेचणीच्या आठवड्यांसाठी फक्त असे तास ठेवतो, जे एका तासिकेत सुरू होऊन त्याच तासिकेत संपतात. एक लहान कविता, एक अनोळखी उतारा, एक चित्र, एक वेळापत्रक. त्या दिवशी न आलेल्या मुलाचा तेवढा एक तास बुडतो, पण पुढच्या तासाशी त्याचा धागा तुटत नाही. बेंगळुरू आणि चेन्नईच्या बाजूच्या शाळांत १९७९ ते १९८४ या काळात इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी असाच प्रयोग केला होता : व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे आणि रेल्वेची वेळापत्रके द्यायची, त्यांवर कोडी सोडवायला लावायची, लक्ष उत्तर शोधण्यात गुंतले की भाषा आपोआप अंगवळणी पडते, हा त्यामागचा विचार. मी आमच्या बसस्थानकावरचे वेळापत्रक फळ्यावर उतरवतो. एका मुलीला बारा वाजता यवतमाळला डॉक्टरकडे पोहोचायचे आहे आणि पाचच्या आत घरी यायचे आहे, तर तिने कोणत्या बसने जावे आणि कोणत्या बसने परतावे? उत्तर इंग्रजीत आणि कारणासह. एरवी तोंड न उघडणारी मुले ‘नो सर, दॅट बस इज लेट’ म्हणून वाद घालतात, कारण ती बस त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असते.

दहावीच्या बाबतीत आणखी एक गणित ध्यानात घ्या. विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात, परीक्षा मात्र सगळ्यांची एकाच दिवशी असते. २०२५ मध्ये दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. जानेवारी सराव परीक्षांत जातो, म्हणजे शिकवायला खरोखर डिसेंबरपर्यंतचाच काळ. त्यामुळे दहावीला प्रत्येक पाठाला सारखा वेळ देता येत नाही. मी चार-पाच पाठ वर सांगितल्यासारखे आठवडाभर घेतो, बाकीचे दोन-दोन तासांत वाचून घेतो. सगळे पाठ सारखेच खोल शिकवण्याचा हट्ट धरला की शेवटचे दोन पाठ नुसते सांगून संपवावे लागतात, आणि त्याची रुखरुख शिक्षकालाच राहते.

वह्या तपासण्याचा तुमचा त्रास हा निव्वळ अंकगणिताचा आहे. तीन तुकड्या, प्रत्येकी पन्नास, म्हणजे १५० वह्या. एका वहीला तीन मिनिटे धरली तरी ४५० मिनिटे, साडेसात तास. दर आठवड्याला हे कोणालाच जमत नाही. जमवायला गेले की तीन मिनिटांची तीस सेकंदे होतात आणि तपासणी म्हणजे नुसती सही उरते. त्यापेक्षा दर आठवड्याला प्रत्येक तुकडीतल्या एक तृतीयांश वह्या नीट पाहा. सुमारे ५० वह्या, अडीच तास, तेही शाळेतल्या मोकळ्या तासिकांत बसतात. कोणाच्या वह्या कोणत्या आठवड्यात, हे मुलांना आधी सांगू नका. उरलेल्या दोन तृतीयांश वह्या शनिवारी जोडीदार तपासतो, पण त्याला एकच गोष्ट बघायला सांगायची : प्रत्येक वाक्यात क्रियापद भूतकाळात आहे का, बस. मुलाने मुलाची वही तपासली की चुकीची दुरुस्तीही होते, हे खरे आहे. म्हणूनच एका वेळी एकच गोष्ट, आणि ती आठवडाभर घोटलेली. मीसुद्धा तेच पाळतो. आठवड्याच्या विषयाची चूक असेल तर फक्त खाली रेघ, दुरुस्ती मुलाने करायची. बाकीच्या चुका माझ्या यादीत जातात, त्याच्या वहीत लाल शाई होऊन उतरत नाहीत. पान लाल झालेले मूल पुढच्या वेळी कमी लिहिते, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की त्याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

मुख्याध्यापकांशी मात्र हे आधी बोला. प्रत्येक पानावर सही नाही म्हणून तपासणीच्या वेळी त्यांनाच उत्तर द्यावे लागते. कोणत्या आठवड्यात कोणाच्या वह्या पाहिल्या याचा एक साधा तक्ता ठेवा आणि सत्राच्या सुरुवातीलाच त्यांना दाखवा. टाचण त्यांच्या नमुन्यातच लिहा. फक्त गृहपाठाचा रकाना आधी भरा आणि बाकीचे रकाने त्यावरून भरत वर जा.

परीक्षेची काळजी तुम्ही शेवटी लिहिली आहे. दहावीचा इंग्रजीचा पेपर ८० गुणांचा आणि तोंडी व अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे. पेपरमध्ये पुस्तकाबाहेरचा उतारा असतो, पत्र असते, माहिती एका रूपातून दुसऱ्या रूपात मांडायची असते. तिथे पाठांतर कामाला येत नाही, स्वतःचे वाक्य लिहिण्याचा सरावच येतो. म्हणून या पद्धतीने गुण कमी होतील अशी भीती बाळगू नका. डिसेंबरपासून मंडळाचा ताजा आराखडा समोर ठेवून आठवड्याला एक प्रश्न वेळ लावून सोडवून घ्या, आणि गुरुवारच्या त्या जोडीतल्या बोलण्याची नोंद ठेवत गेलात तर तोंडीच्या गुणांसाठी वेगळी धावपळ करावी लागणार नाही.

मोबाईलवर गट करून गृहपाठ पाठवावा का, असेही तुम्ही विचारले आहे. माझ्या वर्गातल्या बहुतेक घरांत एकच स्मार्टफोन आहे आणि तो दिवसा वडिलांबरोबर वावरात असतो. मुलाच्या हाती येतो तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात, आणि मुलीच्या हाती बहुधा येतच नाही. पालकांना निरोप देण्यापुरता गट ठेवा, त्यावर स्वाध्याय देऊ नका.

दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात निम्मा वर्ग वेचणीवर असेल, तेव्हा नवा पाठ उघडू नका. व्हरांड्यातले वाचन आणि पाच वाक्ये तेवढ्यात उरकून घ्या. उशिरा आलेल्यांचे ते आल्या दिवशी करा. आठवड्याला तुमच्या किती तासिका आहेत आणि वर्गात घरी कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात ते कळवलेत, आणि त्या पाच वाक्यांतल्या दहा-बारा चुका उतरवून पाठवल्यात, तर पुढच्या सहा आठवड्यांचे व्याकरण कोणत्या क्रमाने घ्यावे ते त्यांवरून सांगता येईल.